गजभर लांब सुई आणि ५३ नंबरची बाटली

कोविडच्या दिवसांत तुमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय काय आलं होतं, जरा आठवून बघा. लशीत चिप असते. लस घेतली की दंडाला चमचा चिकटतो. लस घेतलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही. अमक्या गावच्या डॉक्टरनं स्वतः लस घेतली आणि अर्ध्या तासात तो गेला. तेव्हा तुम्ही शाळेत असाल. कुणी हसून सोडून दिलं असेल, कुणाच्या आजीनं मात्र त्या एका मेसेजपायी सेंटरवर जायला साफ नकार दिला असेल.

आता गंमत बघा. यातल्या शेवटच्या दोन बातम्या सव्वाशे वर्षं जुन्या आहेत. १८९८ च्या सुमारास पंजाबात प्लेगची लस टोचायला सुरुवात झाली, तेव्हा गावोगाव बोललं जायचं की सुई गजभर लांब असते. टोचली की माणूस जागीच मरतो. वाचलाच तर पुरुषाचं पुरुषत्व जातं आणि बाईला मूल होत नाही. आणि खुद्द डेप्युटी कमिशनरसाहेबानं टोचून घेतलं होतं, तो अर्ध्या तासात मेला. फोन नव्हता, इंटरनेट नव्हतं, बातमी तीच. साहेब जिवंत आहे की मेला हे बघायला त्याच्या कचेरीपर्यंत जाणं पुरे होतं, पण तेवढं चालत कोण जातो?

ही लस ज्यानं बनवली त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, माणूस बहुतेक माहीत नसेल. बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून गाडी पकडून परळला उतरलात आणि केईएमच्या बाजूनं आचार्य दोंदे मार्गावर गेलात, की हाफकिन इन्स्टिट्यूट लागते. लहानपणी तुम्हाला पाजलेले पोलिओचे थेंबही कदाचित याच नावाच्या कंपनीत तयार झालेले असतील. हा हाफकिन म्हणजे वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन. त्याच्या आयुष्यात कटाची कहाणी तीनदा आली. पहिल्यांदा ती त्याच्या जातभाईंच्या घरांवर चाल करून आली, दुसऱ्यांदा त्याच्या कामावर, आणि तिसऱ्यांदा थेट त्याच्यावर. तिसऱ्या वेळी संशय घेणारे अडाणी गावकरी नव्हते. खुर्चीवर बसलेले शिकलेसवरलेले लोक होते.

जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू व्यापाऱ्याचं. ओडेसाच्या विद्यापीठात त्याला इल्या मेचनिकॉव हा प्राणिशास्त्राचा शिक्षक मिळाला. या शिक्षकाला पुढे १९०८ चं नोबेल मिळालं. म्हणजे मास्तर चांगला होता.

हाफकिन एकवीस वर्षांचा, साधारण तुमच्याच वयाचा होता तेव्हा, मार्च १८८१ मध्ये, झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बहल्ल्यात मारला गेला. मारणाऱ्या क्रांतिकारकांच्या गटात एक तरुणी ज्यू होती, बाकीचे नव्हते. पण बाजारात बोललं गेलं ते असं, की झारला ज्यूंनी मारलं. कणभर खरं आणि मणभर रचलेलं. त्यानंतर दक्षिण रशियात शहरामागून शहरात ज्यू वस्त्यांवर जमाव चालून गेले, घरं-दुकानं लुटली गेली. ओडेसात ज्यू तरुणांनी वस्ती राखायला गट केले होते, त्यात हाफकिन होता. तो जखमी झाला आणि वर त्यालाच अटक झाली. मेचनिकॉवनं शब्द टाकला म्हणून सुटला.

पुढे प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदल, असं त्याला सुचवण्यात आलं. त्यानं ते नाकारलं. १८८८ मध्ये त्यानं देश सोडला, जिनिव्हात थोडे दिवस काढले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. तिथे मेचनिकॉव आधीच होता. जागा होती ती ग्रंथालयात. दिवसा पुस्तकं सांभाळायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं, असं करत त्यानं कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ ला ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला.

इथे एक क्षण थांबा. स्वतःवर सुई टोचणं हे धाडस आहे, यात शंकाच नाही. पण त्यानं सिद्ध काय झालं? एवढंच, की ती लस घेऊन एक माणूस मेला नाही. कॉलरा टळतो की नाही, हे त्यातून कळत नाही. हाफकिनला हे पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तो वेगळा. कॉलरा जिथे खरोखर आहे तिथे जाऊन, टोचलेल्या आणि न टोचलेल्या लोकांची तुलना केल्याशिवाय बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं. १८९३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. पुढच्या वर्षी तिथल्या एका बस्तीत कॉलरा शिरला. वस्ती सुमारे दोनशे माणसांची. त्यातल्या ११६ जणांनी टोचून घेतलं, बाकीचे राहिले. नंतर त्या बस्तीत आणखी दहा जणांना कॉलरा झाला, सात मेले. दहाच्या दहा न टोचलेल्यांपैकी होते.

दहा हा आकडा लहानच, हे कबूल. पण हिशेब करायची रीत बघा, ती आपल्याला पुढे लागणार आहे.

काळजं मागणारी राणी

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं जाहीर केलं. पुढच्या काही महिन्यांत अर्धी मुंबई गावाकडे पळाली. रेल्वेनं बाहेर पडणाऱ्यांची स्थानकांवर तपासणी सुरू झाली, आणि आपलं कल्याण हे त्या तपासणीचं एक ठाणं होतं. उल्हासनगर तेव्हा नव्हतंच, त्या बराकी दुसऱ्या महायुद्धातल्या. पण बदलापूरवरून जाणारी गाडी होती, आणि मुंबईहून सुटलेली भीती त्याच रुळांवरून पुढे सरकत होती.

शहरात आर्थर रोडच्या हॉस्पिटलबद्दल बोलणं सुरू झालं. तिथे नेलेला माणूस परत येत नाही. डॉक्टर लोक त्याच्या अंगातून मोमियाई काढतात. मोमियाई म्हणजे माणसाला उलटं टांगून, खाली जाळ करून त्याच्यापासून काढलेलं औषधी तेल, ही जुनी दंतकथा होती. ती आता हॉस्पिटलला येऊन चिकटली. त्यातच ऑक्टोबरमध्ये कुणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं. झालं! राणी चिडली आहे, तिनं मुंबईकरांची काळजं मागवली आहेत, आणि ती काढायला हे हॉस्पिटल आहे. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेले.

त्यांना वेडे म्हणून मोकळं होऊ नका. त्यांच्या डोळ्यांसमोर जे होतं ते खोटं नव्हतं. हॉस्पिटलात गेलेली बहुतेक माणसं खरंच परत येत नव्हती. पण का? सरकारला कळू नये म्हणून घरचे लोक रोगी लपवत, आणि अगदी हाताबाहेर गेला की मगच तो हॉस्पिटलात पोचे. त्यामुळे खरा प्रश्न असा, की तेवढाच आजारी माणूस घरी राहिला असता तर वाचला असता का? हॉस्पिटलातले मृत्यू सगळ्यांना दिसत होते, माजघरातले लपवलेले होते. मोजायचे तर दोन्ही मोजायला हवेत. आज कुणी सांगतं की आयसीयूत नेलं की माणूस संपतो, तेव्हा हाच घोळ होतो.

शिवाय सरकारवर अविश्वास ठेवायला कारणंही भरपूर होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, तोच, जो २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. त्याच्या जोरावर घरांत घुसून झडत्या, बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ, कुटुंबं उचलून सेग्रिगेशन कॅम्पात. पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर थेट देवघरापर्यंत गेले. आणि एवढं करून प्लेग कसा पसरतो हे सरकारला कळलेलंच नव्हतं. घरं धुऊन, भिंती पाडून रोग जाईल असं अधिकाऱ्यांना वाटे. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग होतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, तेही कित्येक वर्षं तज्ज्ञांनीच मानलं नाही. तेव्हा सरकार चुकत होतं, क्रूरपणे वागत होतं, हे सगळं खरं. पण त्यावरून सरकार काळजं काढतंय हे खरं ठरत नाही. पहिल्याला पुरावे ढीगभर होते. दुसऱ्याला फक्त पहिल्याबद्दलचा राग होता.

आणि आता या गोष्टीतली सगळ्यात चमत्कारिक जागा. पुतळ्याच्या डांबरामागे खरोखरच एक कट होता! तो दामोदर चापेकर आणि त्यांच्या भावाचा. याच चापेकरांनी २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. ते आपल्याला कसं माहीत? दामोदरपंतांनी तुरुंगात स्वतःच्या हातानं सगळं लिहून ठेवलं, पुतळ्यासकट. त्याआधी सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं होतं आणि द्रविड बंधूंनी माहिती दिली होती. म्हणजे मूठभर लोकांचा, जिवावर उदार झालेल्यांचा कट, तोही काही महिन्यांत फुटला. आता तुलना करा. हॉस्पिटलात काळजं काढायची तर डॉक्टर, नर्सा, वॉर्डबॉय, भंगी, स्मशानातले लोक, गाडीवाले, सगळ्यांना सामील करून घ्यावं लागलं असतं, आणि यातले बहुतेक इथलेच होते, त्याच चाळींत राहणारे. त्यांतला एकही घरी बायकोजवळ बोलला नसता? कट असतात, हे इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी आहे. फक्त ते छोटे असतात, त्यांना कागद फुटतात, माणसं फुटतात. जो कट हजारोंना माहीत असूनही कधीच फुटत नाही, त्याच्याकडे जरा वाकड्या नजरेनंच बघा.

भायखळ्याचा तुरुंग, उंढेऱ्याची घरं

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्यातून त्यानं तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली. प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णतेनं मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे, म्हणजे शरीराला शत्रूची ओळख होते आणि रोग होत नाही, ही त्यामागची कल्पना. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःच्याच अंगात, आणि मात्राही दांडगी.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना, म्हणजे साधारण निम्म्यांना, त्यानं टोचलं. एकच कोठडी, एकच हवा, एकच भाकरी. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कुणी नाही. हा प्रयोग आज कुठलीही एथिक्स कमिटी पास करणार नाही. कैद्याची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न आहेच. आणि संख्या अजूनही लहान होती, म्हणून हाफकिन थांबला नाही.

मोठा आकडा दमणहून आला. तेव्हा ते पोर्तुगीजांकडे होतं. धाकट्या दमणमध्ये १८९७ च्या साथीत २,१९७ लोकांनी टोचून घेतलं, त्यातले ३६ मेले. न टोचलेले ६,०३३, त्यातले १,४८२ मेले. शंभरात जेमतेम दोन विरुद्ध शंभरात चोवीसहून जास्त.

पण तुमच्यातला कुणी चौकस असेल तर लगेच म्हणेल, थांबा, टोचून घेणारे कदाचित पैसेवाले असतील, चांगल्या घरात राहणारे, मग ते तसेही वाचलेच असते! शाब्बास. हीच शंका तेव्हाही होती. तिचं उत्तर हाफकिननं फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात शोधलं. प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना टोचायचं, निम्म्यांना नाही. म्हणजे घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. नंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना लागण झाली आणि ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाली आणि २६ मेले. लस घेऊनही तिघं गेले हे त्यानं लपवलं नाही. आकडे दोन्ही बाजूंचे मांडले. लशीनं ताप येई, दंड सुजे, आणि तिची मात्रा दर वेळी सारखी नसते अशी टीका सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननंही केली. ती टीका रास्त होती, आणि तरीही लशीचा उपयोग होतो हे कमिशननं मान्य केलं.

लोक मात्र आकड्यांनी हलले नाहीत, हेही खरं. मुंबईत खोजा समाज पुढे आला तो त्यांच्या इमामामुळे. आगाखान तिसरे तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी स्वतःची इमारत दिली आणि चारचौघांसमोर टोचून घेतलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. डेप्युटी कमिशनर मेला म्हणणाऱ्यांना याहून सोपं उत्तर नाही, माणूस समोर उभा आहे. मग हजारो खोजे रांगेत आले. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली, ती आजतागायत तिथेच आहे.

आणि मग अफवा खरी झाली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस जण मेले.

आज हे घडलं असतं तर दुपारपर्यंत व्हिडिओ तुमच्या हातात असता, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नसतं. लस घेतली, माणसं मेली. इतकी वर्षं जे बोललं जात होतं ते डोळ्यांसमोर. अशा वेळी डोकं शांत ठेवणं अफवा खोटी असतानापेक्षा कितीतरी अवघड. पहिला प्रश्न काय विचारायचा? मेलेले किती हा नाही, तो आकडा सगळेच ओरडून सांगत असतात. बाकीच्या ८८ जणांचं काय झालं, हा. त्यांना काहीही झालं नव्हतं. त्या दिवशी उघडलेल्या बाटल्यांपैकी फक्त एका बाटलीतून ज्यांना टोचलं, तेच एकोणीस मेले होते. बाटलीवर खूण होती ५३-एन. म्हणजे दोष लशीच्या पद्धतीत नव्हता, त्या एका बाटलीत होता. तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले होते. कुठे शिरले? परळला भरताना, की मुल्कोवालला उघडताना?

सरकारनं चौकशी नेमली. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, सोबत दोन डॉक्टर. त्यांचा निष्कर्ष असा, की घाण परळलाच शिरली. हाफकिननं अलीकडे लशीत कार्बोलिक अॅसिड घालणं बंद करून उष्णतेवर भर दिला होता, तो बदल त्याच्यावर शेकला. हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. त्याच्याविरुद्ध काय काय जमलं होतं बघा: तो इंग्रज नाही, रशियातून आलेला, ज्यू, आणि डॉक्टरीची पदवीसुद्धा नाही, शिकलेला प्राणिशास्त्र. यातली एकही गोष्ट बाटलीत जंतू घालत नाही. पण संशय घ्यायला माणूस सोयीचा असला की पुरावा थोडका चालतो, मग तो जमाव असो की कमिशन. काहींनी तर याला धाकटं ड्रेफस प्रकरण म्हटलं. ड्रेफस हा फ्रान्सच्या सैन्यातला ज्यू अधिकारी, त्याला खोट्या पुराव्यावर हेर ठरवून तुरुंगात टाकलं होतं.

पण चौकशीच्या कागदांतच दुसरी कहाणी पडून होती. बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर धरून नीट निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला, आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. दुसरं असं, की हे जंतू वाढले की द्रवाला सडका वास येतो. बाटली परळहून निघून कित्येक दिवस झाले होते. जंतू तेव्हापासून आत असते तर उघडताच नाकाला झोंबलं असतं, पण उघडणाऱ्या डॉक्टरला वास आला नव्हता. आणि तिसरं, जंतूंनी आधीच विष साठवलं असतं तर माणसं लगेच आजारी पडायला हवी होती. इथे मध्ये दिवस गेले, म्हणजे जंतू अंगात शिरून तिथे वाढायला लागलेला वेळ.

हे कुणी सांगितलं? मलेरिया डासामुळे पसरतो हे दाखवणारे, नोबेलविजेते रोनाल्ड रॉस. हाफकिनच्या बाजूनं ते उभे राहिले, डब्ल्यू. जे. सिम्पसनसारखे इतर शास्त्रज्ञ सोबत आले, आणि २९ जुलै १९०७ ला लंडनच्या टाइम्समध्ये दहा जणांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. गंमत म्हणजे त्यांच्याकडे गुप्त पुरावा एकही नव्हता. कमिशनसमोर होते तेच कागद त्यांनी नीट वाचले.

हे कसं होतं ते अंबरनाथच्या मुलांना घराजवळच दिसेल. शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, हे आजीनं सांगितलेलं असतं. मंदिरातल्या शिलालेखात शक कोरलेला आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पहिल्यांदा वाचला तो ७८२. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच दगड पुन्हा वाचला आणि तो आकडा ९८२ आहे असं दाखवलं, म्हणजे सन १०६०. भाऊ दाजी काही कमी विद्वान नव्हते. म्हणून तज्ज्ञ काहीही बोलतात असा अर्थ काढायचा, की तज्ज्ञाची चूक दगडाकडे परत जाऊन सापडते असा? मला दुसरा बरोबर वाटतो. तज्ज्ञच चुकले म्हणून पांडव खरे ठरत नाहीत, आणि कमिशन चुकलं म्हणून गजभर सुई खरी ठरत नाही.

१९०७ च्या अखेरीस सरकारनं हाफकिनला दोषमुक्त केलं आणि पुन्हा नोकरीवर बोलावलं. परळची खुर्ची मात्र दिली नाही. ती दुसऱ्याकडे गेली होती. त्याला कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत बसवलं, जिथे लस बनवायची सोय नव्हती. त्याला कॉलऱ्याच्या लशीवर पुढे काम करायचं होतं, ते मनासारखं झालंच नाही. पाच वर्षांत आयुष्याची जी घडी विस्कटली ती सरकारी चिठ्ठीनं बसली नाही. पन्नाशी ओलांडल्यावर तो निवृत्त होऊन युरोपात परतला. लग्न केलं नव्हतं. उतारवयात धर्माकडे ओढा वाढला. जमवलेला पैसा त्यानं पूर्व युरोपातल्या ज्यू पोरांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवला, म्हणजे एकविसाव्या वर्षी ज्या वस्त्या राखायला तो उभा राहिला होता, तसल्याच वस्त्यांसाठी.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं गेलं. तोपर्यंत मुंबईहून त्याच्या प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तो वारला. मुल्कोवालच्या घटनेला तेव्हा २८ वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते.